सांगलीच्या वाहिनीवर हवामान सांगायचं असेल तर

या कामासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी. हा सरळ मार्ग. पत्रकारितेतून आलेल्यांनाही जमतं; त्यांनी स्वतःचा अंदाज काढण्याच्या भरीस न पडता हवामान खात्याचं पत्रक नीट वाचायला शिकावं.

पहिली गोष्ट वेळेची. खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणजे ‘आजचा’ आकडा कालच्या साडेआठपासूनचा असतो. तसं स्पष्ट सांगा. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ते वगळून ‘जिल्ह्यात मुसळधार’ म्हटलं की जतचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो आणि पाऊस शिराळ्यात पडून जातो. म्हणून तालुका सांगाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव भागात बेदाणा शेडवर वाळत असतो, तेव्हा हलका शिडकावाही बातमीच.

पावसाळ्यात मात्र प्रेक्षकाचा प्रश्न एकच असतो: आयर्विनला, म्हणजे सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती? इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नुसती पातळी पुरत नाही. किती वाजताची आणि चढतंय की उतरतंय, हेही त्याच वाक्यात यायला हवं. रात्रीचा आकडा सकाळी फिरवला तर लोक सामान हलवायला उशीर करतात. त्यानंतर कोयनेचा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) चोवीस तास वाहिले की साधारण एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. हे गणित तोंडपाठ हवं. वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग विसरू नका. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळते. तिला पूर असला की फुगवटा येतो आणि कोयनेचा विसर्ग घटला तरी सांगलीचं पाणी लवकर उतरत नाही.

स्टुडिओत मागे फक्त हिरवा पडदा असतो, नकाशा बाजूच्या मॉनिटरवर दिसतो. हिरवा कपडा घालू नका, अंग नकाशात विरघळेल. कॅमेऱ्याकडे तोंड केल्यावर पूर्व तुमच्या डाव्या हाताला येते: जत डावीकडे, शिराळा उजवीकडे. नवखा माणूस इथेच हमखास चुकतो. आधी मॉनिटर बघून हात पोचवा, मग बोला.

नोकरीसाठी दोन मिनिटांचा नमुना व्हिडिओ पाठवताना कोरड्या दिवसाचा पाठवू नका. पिवळा किंवा नारिंगी इशारा असलेला दिवस निवडा, त्या दिवसाचं पत्रक आणि पातळीची नोंद सोबत जोडा. तुम्ही पत्रकातलं काय घेतलं आणि काय सोडलं, ते संपादकाला त्यावरूनच कळतं.