खाऱ्या हवेला दोष देण्याआधी: ड्रायव्हरमधल्या इंटरप्टच्या या चुका टाळा

किनाऱ्यावरचं यंत्र अडलं की पहिला आरोप खाऱ्या हवेवर. मग कनेक्टर बदला, वर सिलिकॉन थापा. ड्रायव्हरकडे, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या कोडकडे, बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्यातही इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे बघा’ हा उपकरणाचा प्रोसेसरला इशारा, तिथेच बहुतेक घोळ.

मालवणकडच्या एका जेट्टीवर पाण्याची पातळी मोजणारी पेटी होती. आत लिनक्सवर चालणारा छोटा आर्म बोर्ड आणि आय-टू-सीवर (दोन तारांच्या बसवर) दाबाचा सेन्सर. चार-सहा तास नीट चालायची, मग आकडा गोठायचा. ‘भरती इली तरी तुमचां मशीन सुकतीतच आसा!’ अशी तक्रार आली, तेव्हा उपाय काय केला? दर पहाटे रीस्टार्ट करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी काम करणाऱ्या सोयीची) ओळ. असल्या ओळी लिहिणाऱ्यांना मुळात लॉग वाचायचाच कंटाळा असतो.

दोष डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, होता. ट्रिगरच्या जागी 2 होतं, म्हणजे उतरती कडा: लाइन वरून खाली येते त्या क्षणीच इंटरप्ट. सेन्सर मात्र सगळे फ्लॅग (घटनांच्या खुणा) साफ होईपर्यंत इंटरप्टची लाइन खाली धरून ठेवणारा. हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) एक फ्लॅग साफ करत असतानाच दुसरा लागला, तर लाइन वर येतच नाही. मग नवी कडा कुठून मिळणार? लाइन खाली अडकलेली, आणि कर्नल वाट बघत बसलेला.

ओळखायचं कसं? इंटरप्टची मोजणी दाखवणारी ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ (/proc/interrupts) दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा आणि लाइनला मल्टिमीटर लावा. मोजणी थांबलेली आणि लाइन खाली, तर बहुधा हीच चूक. मोजणी थांबलेली पण लाइन वर, तर सेन्सर इंटरप्ट देतच नाही. त्याची रजिस्टरं तपासा.

2 च्या जागी 8 लिहा, म्हणजे लो लेव्हल: लाइन खाली असेपर्यंत इंटरप्ट. कोडमध्ये वेगळा ट्रिगर देऊ नका, तो डिव्हाइस ट्रीवर मात करतो. आय-टू-सी वाचताना झोपावं लागतं, म्हणून थ्रेडेड हँडलर (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा) आणि सोबत वनशॉट फ्लॅग, म्हणजे तो संपेपर्यंत लाइन बंद. जीपीआयओ कंट्रोलरला (पिना सांभाळणाऱ्या भागाला) लेव्हल जमत नसेल, तर स्टेटस शून्य होईपर्यंत हँडलरमध्येच पुन्हा पुन्हा वाचा. ओपन-ड्रेन लाइनला (जी सेन्सर फक्त खाली ओढू शकतो) बाहेरून 4.7 किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ती वर ओढणारा रेझिस्टर, लावा. दमट कनेक्टरमधून गळती होते तेव्हा चिपमधला कमकुवत पुल-अप पुरत नाही. खाऱ्या हवेचा वाटा असलाच तर एवढाच.

दुसरी खोड हँडलरमधून आंधळेपणाने ‘हँडल्ड’, म्हणजे ‘इंटरप्ट माझा होता’, परत करण्याची. 1,00,000 इंटरप्टपैकी 99,900 हून जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ छापून ती लाइन बंद करतो. घाईतला नवशिका हा संदेश दाबायला सरसकट ‘हँडल्ड’ परत करतो. मग इंटरप्टचं वादळ चालूच राहतं आणि सीपीयूचा एक कोअर त्यातच जळतो. शेअर्ड (अनेक डिव्हाइसांच्या सामायिक) लाइनवर आधी आपल्या डिव्हाइसचं स्टेटस वाचा. आपला नसेल तर ‘नन’. पीसीआयवर फ्लॅग साफ केल्यावर तेच रजिस्टर परत वाचा, कारण लिहिलेलं वाटेत रेंगाळतं.

इंटरप्टचा क्रमांक कोडमध्ये ठोकून देऊ नका. बोर्ड बदलला की गेलं.

क्रमांक मागताना ऋण उत्तर आलं तर ते तसंच वर पाठवा. -517 म्हणजे फक्त ‘नंतर या’.

हँडलर नोंदवण्याआधी त्याला लागणारा डेटा तयार ठेवा आणि डिव्हाइसमधला जुना फ्लॅग साफ करा. नाहीतर प्रोब, म्हणजे ड्रायव्हरची सुरुवातीची जुळवाजुळव, पुरी होण्याआधीच इंटरप्ट येऊन नल पॉइंटरवर आदळतो.

मोड्यूल काढताना आधी डिव्हाइसचा इंटरप्ट बंद, मग हँडलर मोकळा, मेमरी सर्वांत शेवटी.