जुना ५जी फोन घेताय? आधी बँड बघा

गेल्या महिन्यात एक काका दुकानात आले. पुतण्याकडून घेतलेला फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "मागं ५जी लिहिलंय, मग वर ४जीच का दिसतंय?"

मागच्या स्टिकरवर जाऊ नका. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पण ५जी फोन २०२० पासूनच विकले जात होते. नेटवर्कच नव्हतं, म्हणून त्यातल्या काही मॉडेलांत मोजकेच बँड, म्हणजे सिग्नल ज्यावर येतो ते लहरींचे पट्टे, दिलेत. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बँडची यादी उघडा आणि एन ७८ शोधा. जिओ आणि एअरटेल, दोघांचंही ५जी मुख्यतः त्यावर चालतं. सिम जिओचं असेल तर एन २८ सुद्धा हवा. तो ७०० मेगाहर्ट्झचा. लांब जातो, जाड भिंतीतूनही आत शिरतो. शिवाय जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय चालतं, त्याला 'एसए' म्हणतात. फोनमध्ये बँड असूनही एसए चालू नसेल तर जिओचं ५जी येणारच नाही. जुन्या फोनांत ते बहुतेकदा अपडेटमधून आलं, म्हणून आधी सगळे अपडेट टाका. मग सिम सेटिंगमध्ये नेटवर्क ५जी-ऑटोवर ठेवा.

पैसे देण्याआधी स्वतःचं सिम घालून, जिथं ५जी येतं हे माहीत आहे अशा ठिकाणी उभं राहून बघा. रिचार्जही तपासा, प्रत्येक प्लॅनमध्ये ५जी नसतं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बिलाशी जुळवा; केवायएम (KYM), मोकळी जागा आणि तो १५ आकडी नंबर असा मेसेज १४४२२ ला पाठवा. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं, तर फोन फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि हो, ४जी सिमवरच ५जी चालतं. "सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्या.

काकांच्या फोनचे दोन अपडेट अडकले होते. ते टाकले, फोन बंद करून चालू केला आणि वर ५जी उमटलं. काका खूश. दोन दिवसांनी परत हजर: घरात पुन्हा ४जी. यादी बघितली तर एन २८ नाहीच, आणि घर म्हणजे दोन हात जाडीच्या भिंतींचा जुना वाडा. आता लेकीला व्हिडिओ कॉल लावायचा झाला की काका ओट्यावर येऊन बसतात.