फॅटी लिव्हरचा रिपोर्ट हातात आला? या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ ही ओळ हल्ली सर्रास दिसते. ती वाचून घरात दोनच गोष्टी होतात. एक तर “सगळ्यांनाच असतं, काही होत नाही” म्हणून कागद कपाटात जातो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून घरातले तेल-तूप बंद होते. या दोन्हींमुळे नुकसान होते, कारण यकृतात चरबी येते कुठून आणि त्यातले घातक काय, हे दोन प्रश्न तसेच राहतात.

यकृत आतड्याच्या उतारावर बसलेले आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतड्यांतून, जठरातून, प्लीहेतून गोळा होऊन पोर्टल शिरेने येते. म्हणजे आतड्यात जे शोषले गेले, तिथल्या जंतूंनी जे तयार केले, त्याचा पहिला मारा यकृतावर होतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ साली फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या पोर्टल शिरेतले रक्त तपासले. हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा तिथे अल्कोहोल कितीतरी जास्त सापडले. ते आतड्यातल्या जंतूंनी साखर आंबवून तयार केलेले होते. यकृत ते वाटेतच जाळून टाकते, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. पुढच्या काही चुका हा उतार लक्षात न घेतल्यामुळे होतात.

चूक: तेल-तूप शून्यावर आणणे

यकृतातली चरबी म्हणजे पोळीवर घातलेले तूपच, असा समज पक्का आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खुणेचे अणू असलेली चरबी आणि साखर देऊन माग काढला गेला. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या मेदसाठ्यातून, मुख्यतः इन्सुलिन नीट काम करत नसल्यामुळे, सुटून आलेली होती. २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून नव्याने बनवलेली होती. ताटातल्या चरबीतून थेट आलेली होती १५ टक्के.

तेल बंद करणारा माणूस पोट भरायला काय खातो, ते पाहा. कुरमुरे, मारी बिस्किटे, साबुदाणा, दोन पोळ्या जास्त, वर गूळ घातलेला चहा. म्हणजे १५ टक्क्यांचे दार लावले आणि २६ टक्क्यांचे सताड उघडले. तेल मोजून घ्यावे, माणशी दिवसाला तीन-चार चहाचे चमचे पुरतात. पण आधी हात घालायचा तो साखर, मैदा आणि रात्रीच्या भाताच्या दुसऱ्या वाढणीला.

चूक: गूळ, मध, उसाचा रस आणि फळांचा रस ‘नैसर्गिक’ म्हणून चालवून घेणे

गूळ मुख्यतः सुक्रोजच आहे. सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचे वैशिष्ट्य असे की ग्लुकोजसारखे ते स्नायूंना फारसे वापरता येत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसले, की फ्रुक्टोज थोडे असेल तर लहान आतडेच त्याचे ग्लुकोज वगैरे करून टाकते, ते यकृतापर्यंत फारसे पोचू देत नाही. एकदम मोठा डोस आला की आतड्याची क्षमता संपते आणि उरलेले पोर्टल शिरेने यकृतात ओतले जाते. आधी अन्न मिळालेल्या उंदरांत आतड्याने हे काम जास्त चांगले केले. प्रयोग उंदरांवरचा आहे, ग्रॅमचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण संत्रे खाणे आणि चार संत्र्यांचा रस उपाशीपोटी घटाघट पिणे यांतला फरक त्यातून चांगला उलगडतो. फळातल्या चोथ्यामुळे साखर आतड्यात हळूहळू उतरते, रसात तो बांध नसतो.

चहाचा हिशेब एकदा मांडून बघा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम. त्यातले २० ग्रॅम फ्रुक्टोज. घरातला कुणीही याला ‘गोड खाणे’ म्हणत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षे टिकते. कपाला अर्धा चमचा करा आणि दोन कप कमी करा. एवढ्याने ४० ग्रॅमचे ५ होतात.

चूक: ग्रेड पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

ग्रेड म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत किती पांढरट दिसते, एवढेच. ग्रेड १ मध्ये आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती दिसतात, ग्रेड २ मध्ये त्या पुसट होतात, ग्रेड ३ मध्ये यकृताचा मागचा भाग आणि श्वासपटल (डायफ्रॅम) दिसेनासे होतात. ठरवणारा डोळा तपासणाऱ्याचा असतो, त्यामुळे एकाच माणसाला दोन सेंटरांत दोन ग्रेड मिळू शकतात. शिवाय चरबी थोडी असेल, सुमारे २० टक्के पेशींपर्यंत, तर साध्या सोनोग्राफीतून ती निसटते.

पुढे काय होणार, हे ठरते यकृतात तयार होणाऱ्या वणावरून, म्हणजे फायब्रोसिसवरून. ते ग्रेडमध्ये येत नाही. ग्रेड १ असलेल्याचे यकृत वणाने कडक झालेले असू शकते आणि ग्रेड ३ वाल्याचे मऊ. उलट वण फार वाढले की यकृतातली चरबी कमी होत जाते. तेव्हा ‘ग्रेड कमी झाला’ ही बातमी दर वेळी चांगलीच असते असे नाही.

वणाचा पहिला अंदाज घरी बसून, पैसे न घालवता काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. चार आकडे लागतात: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीतली दोन एन्झाइम, आणि प्लेटलेट. तिन्ही तपासण्या एकाच दिवशीच्या घ्या.

वय गुणिले एसजीओटी, हे वरचे. प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, हे खालचे. वरच्याला खालच्याने भागा.

उदाहरण घेऊ. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वर ५२ × ४८ = २४९६. खाली १८० × ६ = १०८०. उत्तर २.३१. आता तेच वय आणि तोच एसजीपीटी, पण एसजीओटी ३० आणि प्लेटलेट २ लाख ६० हजार असे धरा. वर १५६०, खालीही १५६०, उत्तर १. दोघांचा एसजीपीटी ३६ म्हणजे ‘नॉर्मल’, पण पहिल्याला पुढची तपासणी हवी आणि दुसऱ्याला आत्ता नको.

१.३ च्या खाली आकडा आला तर वणाचा मोठा धोका बहुधा नाही. १.३ ते २.६७ या पट्ट्यात आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. त्याच्या वर गेला तर यकृततज्ज्ञाकडे जावे. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही.

गणितात घोटाळा दोन ठिकाणी होतो. आपल्याकडे लॅब प्लेटलेट कधी लाखात, कधी पूर्ण संख्येत छापते. सूत्रात हजारांचा आकडा घालायचा, म्हणजे १ लाख ८० हजारचे १८०. दुसरे, एसजीओटी आणि एसजीपीटीची अदलाबदल. एसजीओटी म्हणजे एएसटी, ते वर. एसजीपीटी म्हणजे एएलटी, त्याचे वर्गमूळ खाली.

डेंग्यूच्या तापात किंवा नुकत्याच झालेल्या काविळीत हे गणित करू नका. प्लेटलेट आणि एन्झाइम दोन्ही त्या आजाराने हललेले असतात, उत्तर भीतीदायक येते आणि खोटे असते.

चूक: जिम करून दुसऱ्या दिवशी रक्त देणे

एसजीओटी आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटी स्नायूंतही असते. वजने उचलण्याची सवय नसलेल्याने एकदा जोरात व्यायाम केला तर हे आकडे आठवडाभर वर राहू शकतात. रक्त देण्याआधी सात दिवस जड व्यायाम टाळा, चालणे चालू ठेवा. आकडे तरीही चढेच असतील आणि शंका वाटली तर सीपीके हे स्नायूंतले एन्झाइम तपासा. ते वाढलेले असेल तर मूळ स्नायूंत आहे.

चूक: नाश्ता करून फायब्रोस्कॅनला जाणे

जेवणानंतर आतड्यांकडून येणारे रक्त वाढते, यकृत फुगते आणि यंत्राला ते खऱ्यापेक्षा कडक लागते. किमान तीन तास काही खाऊ नका. रिपोर्टवर दोन आकडे असतात. किलोपास्कल हा कडकपणाचा, कॅप हा चरबीचा. किलोपास्कल ८ च्या आत असेल तर पुढे गेलेले वण बहुधा नाहीत, १२ च्या वर असेल तर शक्यता जास्त. त्याखाली ‘आयक्यूआर’ टक्केवारी छापलेली असते. ती ३० पेक्षा जास्त असेल आणि किलोपास्कल चढे असेल, तर मोजमापे एकमेकांशी जुळलेली नाहीत, तपासणी पुन्हा करून मागा. एसजीपीटी चारशे-पाचशे असताना किंवा हृदय कमजोर होऊन यकृतात रक्त तुंबलेले असतानाही आकडा फुगतो.

चूक: “मी बारीक आहे, मला कसं होईल?”

आशियाई शरीराला २५ ची बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मर्यादा लागू नाही, इथे २३ धरतात. त्याहून उपयोगी आहे टेप. पण पॅंटच्या पट्ट्याजवळ मोजलेली कंबर दहा सेंटिमीटरनेही फसवू शकते, कारण पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर गाठले की पोटाच्या चरबीकडे लक्ष द्यायलाच हवे. मधुमेह असेल तर बारीक माणसानेही फिब-४ काढावे.

चूक: महिन्यात आठ किलो उतरवणे

वजन ५ टक्के उतरले की यकृतातली चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांना सूज उतरू लागते. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची सूज बायॉप्सीत नाहीशी झाली होती आणि ४५ टक्क्यांचे वणही कमी झाले होते. ७८ किलोच्या माणसाला १० टक्के म्हणजे ७.८ किलो. हे किमान दोन ते चार महिन्यांचे काम आहे, आठवड्याला अर्धा ते एक किलो.

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. कारण साधे आहे. मेद वितळताना कोलेस्टेरॉल पित्तात उतरते. त्याच वेळी ताटात तेल-तूपच नसेल तर आतड्यातून सीसीके हे संप्रेरक सुटत नाही, पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि दाट पित्त तिथेच साचून राहते. ते रिकामे व्हायला एका जेवणात ७ ते १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणजे दोन चहाचे चमचे. वजन उतरवतानासुद्धा एका तरी जेवणात एवढे तेल-तूप ठेवा.

वजन हलत नसेल तरी चालणे सोडू नका. आठवड्याला १५० मिनिटांच्या भरभर चालण्याने वजन तेवढेच राहूनही यकृतातली चरबी कमी होते.

चूक: ‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि अर्क

यकृत हेच गाळणीचे काम करते, त्याला बाहेरून धुवायची सोय नाही. आणि वनस्पतीचा अर्क शोषला जाऊन पहिला जातो तो यकृतातच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली, त्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे वारंवार दिसली. थायरॉइडचा किंवा दुसरा स्वप्रतिकारी आजार असलेल्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊच नये. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांबाबतही अशा नोंदी आहेत. मिऱ्याचा अर्क घातलेल्या गोळ्यांतून हळद कितीतरी जास्त शोषली जाते. भाजी-आमटीतल्या हळदीला मात्र घाबरायचे कारण नाही.

नवीन काहीही सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तर ते त्याच दिवशी थांबवा. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि पीटी-आयएनआर तपासा आणि डॉक्टरांना डबी नेऊन दाखवा.

चूक: बिअरला दारू न मोजणे

मोजमाप बाटलीने नको, अल्कोहोलच्या ग्रॅमने करा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. २०२३ मध्ये या आजाराचे नाव एनएएफएलडी (दारूशी संबंध नसलेले फॅटी लिव्हर) बदलून एमएएसएलडी (चयापचयातल्या बिघाडाशी जोडलेले फॅटी लिव्हर) झाले, तेव्हा पुरुषांना आठवड्याला २१० आणि स्त्रियांना १४० ग्रॅमची रेघ आखली गेली. त्यापुढे गेले की निदानाचे नावच बदलते. ही रेघ निदानासाठी आहे, सुरक्षिततेची हमी म्हणून नाही. मधुमेह किंवा वण असेल तर शून्यच बरे.

चूक: एसजीपीटी वाढलेले पाहून कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन बंद करणे

फॅटी लिव्हरच्या रुग्णांचा सर्वांत मोठा घात हृदयविकाराने होतो, यकृताने नव्हे. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल तर स्टॅटिन फक्त त्या कारणाने थांबवत नाहीत. वेदनाशामकांतही लोक उलटे करतात: पॅरासिटामॉलला घाबरून डायक्लोफिनॅक घेतात. यकृताचा आजार असताना दिवसाला २ ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉल सहसा चालते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे वण वाढून यकृत आकसते त्या अवस्थेत, डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडे बसू शकतात.

खास औषधे आता आहेत. भारतात २०२० मध्ये सॅरोग्लिटाझारला, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लूटाइडला मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या दोन्ही मान्यता मध्यम ते जास्त वण असलेल्या, सिरॉसिस नसलेल्या रुग्णांसाठी आहेत. ग्रेड १ चा कागद दाखवून त्या मागायच्या नसतात.

फिब-४ कमी आलेल्यांनी ते पुन्हा काढायचे: मधुमेह असेल तर एक-दोन वर्षांनी, नसेल तर दोन-तीन वर्षांनी. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून तो कागद याच फाइलला लावून ठेवा.