सारख्या दिसणाऱ्या भूछत्रांची ओळख: सूक्ष्मदर्शकाला काय विचारावे?

जुलै उजाडला की येऊरच्या वाटेवर आणि ठाण्यातल्या सोसायट्यांच्या हिरवळींवर भूछत्रे उगवू लागतात, आणि ती ओळखायला शिकू पाहणारे सर्वप्रथम सूक्ष्मदर्शक कोणता घ्यावा हे विचारतात. १०० पटींचा, तेलात वापरायचा ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) आणि मोजपट्टी असलेला आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) एवढे असले की महाविद्यालयात असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. खरी कसोटी वेगळीच आहे. सूक्ष्मदर्शक भूछत्राचे नाव सांगत नाही, तो नेमक्या प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून प्रश्न जागेवरच तयार व्हावा लागतो.

वारुळाच्या जमिनीतून येणारी अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस, हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा बीजाणूठसा, म्हणजे टोपीतून गळलेल्या बीजाणूंचा रंगीत थर, गुलाबीसर पडतो. पण एन्टोलोमा आणि प्लुटिअस या दुसऱ्या भूछत्रांचाही ठसा गुलाबीच असतो. इथे बीजाणूचा आकार पाहावा. एन्टोलोमाचे बीजाणू कोनदार, पैलू पाडल्यासारखे दिसतात, तर टर्मिटोमायसिसचे गुळगुळीत आणि लंबगोल असतात. प्लुटिअसचेही बीजाणू गुळगुळीतच असल्यामुळे तिथे केवळ बीजाणूंवर विसंबता येत नाही. ते भूछत्र बहुधा कुजक्या लाकडावर येते आणि अळंबीचा देठ मुळासारखा लांबत खाली वारुळापर्यंत जातो. म्हणूनच देठ वरून न तोडता सावकाश उकरून काढावा, असा माझा आग्रह असतो.

हिरवळीवरचे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस विषारी आहे आणि त्याने जबर उलट्या-जुलाब होतात. त्याचा ठसा हिरवट पडतो, परंतु कोवळेपणी कल्ले (टोपीखालच्या पातळ पाकळ्या) पांढरेच असल्याने ते खाण्याजोग्या छत्र्यांमध्ये सहज खपून जाते. त्याच्या पक्व बीजाणूची भिंत जाड असते, टोकाशी अंकुररंध्र (अंकुर बाहेर पडण्याचे बारीक छिद्र) असते आणि मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात तो लालसर तपकिरी होतो. तरीही खावे की नाही, हा प्रश्न नवशिक्याने सूक्ष्मदर्शकाला कधीही विचारू नये.

ठशासाठी टोपी रात्रभर काचपट्टीवर पालथी ठेवून वर वाटी झाकावी. मोजमापाला हेच गळालेले बीजाणू घ्यावेत, कारण कल्ल्यावरून खरवडलेल्यांत अपक्व बीजाणू मिसळतात आणि सरासरी चुकते. आयपीसमधल्या मोजपट्टीची एक रेघ किती मायक्रॉनची, हे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी ०.०१ मिलिमीटरच्या खुणा असलेल्या प्रमाणपट्टीवरून आधी ठरवावे लागते. मग बाजूने दिसणारे किमान २० बीजाणू निवडून, बीजाणूचे स्वतःचे बारीक देठासारखे टोक वगळून लांबी-रुंदी मोजावी आणि दोन्हींचे गुणोत्तरही लिहावे. जवळच्या जातींमध्ये अनेकदा हे गुणोत्तरच निर्णायक ठरते.

येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिथून परवानगीविना काहीही तोडून आणता येत नाही. सरावाला सोसायटीची बाग भरपूर आहे.

आपल्याकडच्या दमट हवेत ताजा नमुना एका दिवसात सडतो, म्हणून त्याच दिवशी ४० ते ४५ अंशांवर कडक वाळवून, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. पाकिटावर तारीख, जागा, जमीन की लाकूड, ठशाचा रंग आणि ताजेपणीचा वास लिहावा. वाळलेल्या कल्ल्याचा तुकडा ३ ते ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पुन्हा फुगतो आणि वर्षांनंतरही तपासता येतो. वास आणि रंग मात्र पाकिटावर लिहिलेले असतील तेवढेच उरतात.