रोजच्या विचाराला पद्धत कशी लावावी

घरगुती आणि शेजारपाजारच्या व्यवहारात आपले मत बहुधा आधी ठरते आणि कारणे मागाहून गोळा होतात. हा क्रम उलटवण्याचा मार्ग साधा आहे. उत्तर कळण्यापूर्वीच तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात : प्रश्न नेमका कोणता आहे, तो कोणत्या निरीक्षणाने सुटेल, आणि काय दिसले तर आपण आपले आजचे मत सोडून देऊ. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते आणि नेमकी तीच राहून जाते.

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये ज्या एका विषयावर सर्वाधिक शेजारधर्म खर्ची पडतो, तो गळतीचा विषय उदाहरणादाखल घेऊ. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघराच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटू लागतात आणि संध्याकाळपर्यंत ‘वरच्यांचा पाइप फुटला आहे’ असा निकालही लागलेला असतो. या टप्प्यावर चिटणीसांना पत्र लिहिण्याआधी एका कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्यात त्यावरून आपण काढलेले आणि तिसऱ्यात कोणाकडून तरी ऐकलेले लिहावे. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राने, प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, वेगवेगळी मोजली (उपमान, म्हणजे साम्यावरून ओळखणे, हे चौथे, त्याचे येथे काम नाही), आणि शब्दाला प्रमाण मानताना सांगणारा विश्वासार्ह, म्हणजे आप्त असावा अशी अट घातली. ही अट संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला लावून पाहिली, तर तिसऱ्या रकान्यातला बराचसा मजकूर आपोआप गळून पडतो. पहिल्या रकान्यात बहुधा दोनच ओळी उरतात : ओल कोठे आहे आणि ती केव्हा वाढते.

त्यांतली ‘केव्हा’ ही ओळ सर्वांत मोलाची आहे. दाबाखालच्या नळाला गळती असेल, तर वर कोणी पाणी वापरो वा न वापरो, थेंब चालूच राहतात. सांडपाण्याच्या नळातून किंवा लादीच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल, तर ते वापरानंतर वाढते आणि मध्ये ओसरते. बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून येणारी ओल पावसामागोमाग, कधी काही तासांच्या अंतराने, वाढते आणि उघडीप मिळाली की हळूहळू कमी होते. म्हणून आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी ठेवाव्यात : ओलीची कड कोठपर्यंत आली (पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावी) आणि त्या दिवशी पाऊस होता की नव्हता. नोंदी सुरू करण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवावा, कारण निकाल पाहिल्यावर ‘मला हेच वाटत होते’ असे प्रत्येकालाच वाटते.

त्यापुढची पायरी प्रत्यक्ष चाचणीची. येथे एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. आधी वरच्या घराचा मुख्य कॉक काही तास बंद ठेवून थेंब थांबतात का ते पाहावे. थांबले नाहीत, तर कॉक पूर्ववत उघडून दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला ट्रॅप (पाणी निचरण्याची जाळी) बंद करावा, लादीवर रंग मिसळलेले पाणी साठवावे आणि चोवीस तास खाली लक्ष ठेवावे. रंगीत थेंब उतरला, तर वाद मिटतो. मात्र तो उतरला नाही म्हणून लादी निर्दोष ठरतेच असे नाही, कारण पाणी स्लॅबमध्ये आडवे पसरून वेगळ्याच ठिकाणी उतरू शकते. पुष्कळदा असे होते की कंत्राटदार एकाच दिवशी लादीचे सांधे भरतो, पाइप बदलतो आणि बाहेरच्या भिंतीला रसायनही लावतो. ओल थांबली, तरी ती कशाने थांबली हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात ती परत आली की तिन्ही कामांचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. घाई असेल तर तिन्ही कामे जरूर एकदम करावीत. पण मग कारण कळले असा दावा करू नये.

कारणाचा दावा करायचा असेल, तर तुलना लागते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा की फांदीचा हे एका प्रसंगावरून सांगता येत नाही. या बाबतीत मुंबईच्याच इतिहासातले एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1896 साली शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यातून लस माणसाला सोसते एवढे समजले. ती प्लेगपासून वाचवते का, या प्रश्नाला त्या टोचणीत उत्तर नव्हते, कारण टोचून न घेताही ते निरोगी राहिले असते. ते उत्तर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात मिळू लागले. तेथे स्वेच्छेने टोचून घेतलेले आणि न घेतलेले कैदी एकाच आवारात, एकाच अन्नपाण्यावर राहत होते, त्यामुळे दोन्ही गटांतली आजारपणे शेजारी शेजारी ठेवून मोजता आली. एखादा काढा घेतल्यावर सर्दी चार दिवसांत बरी झाली असे कोणी सांगितले, की काढ्याविना ती किती दिवसांत बरी होते, हे विचारण्याची सवय लावावी. (हा प्रश्न आजीला विचारू नये, असा माझा प्रेमळ सल्ला आहे.)

आकड्यांच्या बाबतीत पहिली दक्षता भागाकाराची. मे महिन्याचे वीजबिल वाढले म्हणून मीटर सदोष ठरवण्यापूर्वी दोन वाचनांमध्ये किती दिवस गेले ते पाहून दिवसाचे युनिट काढावेत, कारण तेहतीस दिवसांचे बिल अठ्ठावीस दिवसांच्या बिलापेक्षा रोजचा वापर तेवढाच असूनही मोठे येते. शिवाय घरगुती दर टप्प्यांचे असतात. 100 आणि 300 युनिटच्या पुढे प्रत्येक युनिट अधिक महाग होत जाते, त्यामुळे वापर थोडा वाढला तरी रक्कम त्या प्रमाणाबाहेर वाढते. मग अंदाज करावा : दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते, पंचाहत्तर वॉटच्या पंख्याला तेवढ्यासाठी तेरा तासांहून थोडे अधिक लागतात. हा हिशेब आणि मीटर यांत मोठी तफावत राहिली, तर सर्व बटणे बंद करून मीटर तरीही पुढे सरकतो का ते पाहावे आणि मगच तक्रार लिहावी.

जलद लोकल बरी की धीमी, या वादात आठवणीवर अजिबात विसंबू नये. ज्या दिवशी जलद गाडी मध्येच खोळंबली तो दिवस लक्षात राहतो, सुरळीत गेलेले दिवस राहत नाहीत. महिनाभर घरातून निघाल्याची आणि कार्यालयात पोहोचल्याची वेळ टिपली की पुरे.

वागण्यातली पद्धत थोडी निराळी असते. तेथे विचार वाढवायचा नसतो, तो एकदाच नीट करून पुन्हा पुन्हा करण्याची गरज संपवायची असते. सुमारे 1890 पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावरच्या खुणांत उतरण्याचे स्थानक, इमारत आणि मजला हे सारे आलेले असते. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, पण जेवणारा कोण हे कोणालाच ठाऊक असावे लागत नाही, खूण वाचता आली की काम पुढे सरकते. घर बंद करून गावी निघताना गॅस, नळ, गीझर आणि किल्ल्या यांची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणे याच जातीचे आहे. यादी लहान असावी, ती मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक वस्तूला हात लावून खात्री करावी. नुसते ‘हो, केले’ म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या गाडीवरचा वडापाव खावा, यासाठी मात्र यादी करू नये. चूक झाली तरी नुकसान एका वडापावाचे असते.

पद्धतीची मर्यादाही आधीच आखून घ्यावी. पाणी कोठून येते हे चाचणी सांगते, खर्च कोणी सोसावा हे ती सांगत नाही. तो प्रश्न नियमांचा आहे : पावसाच्या पाण्याची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने, तर घरातल्या नळाची किंवा न्हाणीघराची गळती त्या सदस्याने दुरुस्त करावी, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचे (नमुना नियमावलीचे) धोरण आहे. दोन्ही प्रश्न एका बैठकीत एकत्र आले की ज्याला पैसे द्यावे लागतील त्याला चाचणीत दोष दिसू लागतो. म्हणून चाचणी कोणती, ती कोणासमोर करायची आणि कोणत्या निकालाला काय मानायचे, हे आधीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे, त्यावर वरच्या आणि खालच्या दोन्ही घरांच्या सह्या घ्याव्यात आणि खर्चाचा विषय चाचणी झाल्यानंतरच्या बैठकीसाठी ठेवावा.