एजंटाशी केलेला घरविक्रीचा करार कसा संपवावा
जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यातील घर विकण्यासाठी एजंटाला लिहून दिलेला करार मोडायचा असल्यास आधी त्यातील मुदत, नोटिशीचा काळ आणि करार संपल्यानंतरही एजंटानेच आणलेल्या गिऱ्हाइकाला घर विकल्यास दलाली द्यावी लागेल, अशा आशयाचे कलम आहे का, हे पाहावे. वाद बहुधा या शेवटच्या कलमावरूनच पेटतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 206 प्रमाणे वाजवी पूर्वसूचना आवश्यक असते, आणि ठरलेल्या मुदतीआधी पुरेशा कारणाशिवाय एजन्सी काढून घेतल्यास कलम 205 नुसार भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे फोनवर ‘राहू द्या आता’ एवढे म्हणून भागत नाही. कराराची तारीख, घराचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि एजंटाचा अधिकार कोणत्या दिवसापासून संपतो हे नमूद केलेले पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे व त्यातच, आजवर घर दाखवलेल्या गिऱ्हाइकांची नावे लेखी मागावीत. किल्ली व कागदपत्रे परत घ्यावीत. कुलमुखत्यारपत्र नोंदवून दिलेले असेल, तर मात्र नुसते पत्र पुरे नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दपत्र नोंदवून त्याची प्रत एजंटाला द्यावी, आणि फाटकावरील ‘घर विकणे आहे’ हा त्याच्या नंबराचा फलकही उतरवून घ्यावा.