कर्नल अपडेटनंतर लिनक्स गोठतंय? आधी जुन्या कर्नलवर जा

लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि दहा मिनिटांत माउस जागीच थिजला. लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा नेहमीसारखा लागत-विझत असेल, तर कर्नल जिवंत आहे. अडकलंय ते बहुधा ग्राफिक्स. दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळलाय.

आता ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे बहुतेक कीबोर्डांवरचं प्रिंट स्क्रीनचं बटण, दाबून धरा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा. एसने लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर जातो, यूने डिस्कवर लिहिणं थांबतं, बीने मशीन रीबूट होतं. उबुंटूत ही सोय सुरू असते. काही डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या इतर प्रकारांत, नसते; तिथे पॉवर बटणाशिवाय इलाज नाही.

मशीन सुरू होताना एस्केप किंवा जुन्या बायोसवर शिफ्ट दाबा, ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा, मेनू येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ नको. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ने (uname -r) आवृत्तीची खात्री करा आणि दोन दिवस नेहमीचंच काम करा: तोच व्हिडिओ, तेच स्लीप. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तासभर बरं चाललं म्हणून निकाल लावू नका. जुन्यावरही गोठलं, तर कर्नलला सोडा. रॅम आणि तापमान तपासा.

जुन्यावर सुरळीत चाललं तर लॉग बघायचा. नव्या कर्नलवर पुन्हा गोठू द्या आणि लगेच जुन्यावर बूट करून ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ (journalctl -k -b -1) चालवा. हा आधीच्या बूटचा कर्नल लॉग. शेवटच्या ओळींत ‘आय९१५’ (i915, इंटेलचा ड्रायव्हर) किंवा ‘एएमडीजीपीयू’ (amdgpu, एएमडीचा) दिसलं तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या. लॉग मध्येच तुटलेला असेल तर तोही पुरावाच; लिहायलाही वेळ मिळाला नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ (dkms status) बघा; डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधतं. नव्या आवृत्तीसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर बहुधा तिचे हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स, टाकायचे राहिलेत.

ग्राफिक्सची खात्री करायला ग्रबमध्ये नव्या कर्नलवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल एका बूटपुरताच राहतो. गोठणं थांबलं तरी तो कायमचा ठेवू नका, स्क्रीन रखडत चालते.

दुरुस्ती येईपर्यंत जुना कर्नल काढू नका. बग नोंदवताना शेवटची चांगली आणि पहिली बिघडलेली, दोन्ही आवृत्त्या लिहा.